तव्यावरून थेट

"म्हैना सरत आला की शेजारणीची वाटी उंबऱ्याच्या आत घिऊ नगंस, बाय. रिकामी परत देता येत न्हाय, आन् भरून द्यायला आपल्या डब्यात कायबी नसतंय!"

लेकीचा संसार मांडून द्यायला फुलाबाई सोलापुरात आली होती, तेव्हा तिनं सुकन्याला हे बजावलं होतं. सुकन्या नुसती हसली. तिनं बी.एस्सी. केलेलं, तेही केमिस्ट्री घेऊन! "आई, एक वाटी भरेल एवढं तरी माझ्या घरात असेलच की!" म्हणून तिनं विषय झटकून टाकला. फुलाबाईनं पिशवी उचलली, अक्कलकोटची एसटी धरली, ती गेली ती गेलीच. पुन्हा यायला तिला सवड झाली नाही. म्हशींना कुठं रविवार असतो?

तर या महिन्याची गोष्ट. सुकन्याचा नवरा संगमेश टॉवेलच्या कारखान्यात, ऑफिसात बसतो. एका संध्याकाळी तो घरी आला आणि चप्पल काढता काढता जमिनीकडं बघून म्हणाला, "पगार लांबलाय गं. पुढच्या गुरुवारी देतो म्हणाले."

आता सुकन्या म्हणजे काळजीचं आगार. धाकट्या बसूला दोन शिंका आल्या की ही मोबाइलवर न्यूमोनिया वाचायला बसणार. थोरली शिवलीला शाळेतून जरा उशिरा आली की हिच्या डोळ्यांसमोर रिक्षा उलटलेली! पण त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे. तिनं पदर खोचला, कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि पाहणी केली. ज्वारीचं पीठ, पोहे, शेंगदाणे, पापड, कडक भाकऱ्यांची ही एवढी चवड, शेंगाचटणीची बरणी!

"गुरुवारपर्यंत? अहो, या कपाटावर मी पलटण पोसेन!"

"पलटणीचं राहू दे. आपण चौघंच आहोत," संगमेश म्हणाला.

"चौघं तर चौघं! फक्त वरच्या फळीवरच्या निळ्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. तो चांदबीखालांचा आहे."

चांदबीखाला म्हणजे शेजारच्या. खाला म्हणजे मावशी. भिंतीला भिंत. बसू झाला तेव्हा फुलाबाईची म्हैस नेमकी व्यायला आलेली, त्यामुळं बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला सव्वा महिना रोज चांदबीच यायची. सुकन्या कारण नसताना रडायची, तेव्हा बाळाचे पाय चोळत ती म्हणायची, "रड गे बेटी, खुशाल रड. आत्ताच रडून घे. पुढं टाइम मिळत नाय!" माहेर म्हटलं की सुकन्याला गावाकडचा गोठा आठवायचा आधी, हे खरं. पण त्याच्या पाठोपाठ आठवायचे चांदबीचे तेलकट हात.

आणि आता ती निघाली होती. तिच्या नवऱ्याला, रिक्षा चालवणाऱ्या मैनुद्दीनचाचांना, शहराबाहेर कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत घर मिळालं होतं. पगाराच्या गुरुवारनंतरच्या रविवारी सामान हलवायचं ठरलं होतं.

ही बातमी सांगताना चांदबी सहज बोलून गेली होती, "दर होळीला तुमच्याकडची पुरणपोळी आली बघ. ताटात, रुमालाखाली, वर तुपाचा गोळा. पण गे, माझ्या हातात येईपर्यंत गार! तव्यावरून थेट ताटात पडलेली पोळी मी जिंदगीत खाल्ली नाय."

सुकन्याच्या जिवाला ते लागलं. इतक्या होळ्या गेल्या, आणि आपण रुमाल झाकत बसलो!

"खाला, जायच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात बसायचं. मी लाटणार, तुम्ही खायची. तव्यावरून थेट!"

"वादा?"

"वादा!"

म्हणून तो निळा डबा. त्यात हरभऱ्याची डाळ आणि गुळाची अर्धी ढेप. घरात भूकंप झाला तरी तो उघडायचा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी शिवलीला शेजारून वाटी घेऊन आली. चांदबीच्या घरची ती पितळी वाटी, जी फक्त सुकन्याच्या घरासाठी निराळी ठेवलेली. यांच्याकडं मटण चालत नाही, म्हणून त्या वाटीला मटणाचा वारासुद्धा लागू दिलेला नव्हता. आत शेवयांची खीर, वर दोन बदाम.

सुकन्याचे डोळे भरून आले. जायच्या आधी माया कशी उतू चाललीय बाईची! अशी वाटी रिकामी परत करायची? तिनं ती शेंगाचटणीनं काठोकाठ भरली आणि पाठवून दिली.

झालं! दुसऱ्या दिवशी मसुराची आमटी आली. ती गेली पापड घेऊन. तिसऱ्या दिवशी वाटीच्या जागी डबा आला, आत टोमॅटोचं सार. डबा मोठा! त्यात चार भाकऱ्या मोडून टाकल्या तरी तळ झाकेना. शेवटी सुकन्यानं डोळे मिटले आणि चवडीतली अर्धी चवड त्यात घातली.

घरातली जेवणं मात्र झकास चालली होती. संगमेश बोटं चाटत म्हणाला, "महिनाअखेरीला असं जेवलोय कधी आपण? पगार असाच लांबत राहू दे!"

सुकन्यानं त्याच्याकडं असं बघितलं, की त्या नजरेवर पापड भाजला असता.

आता ही ये-जा जिन्यापाशी चाललेली, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला वरच्या मजल्यावरच्या गिरिजाबाई खुर्ची टाकून बसलेल्या. गिरिजाबाईंना दिसत कमी होतं, पण वास लांबून यायचा. ऐन महिनाअखेरीला कोण एवढं वाटत सुटतं? विचार करून त्यांनी निदान काढलं: संगमेशला बढती मिळाली!

"अय्यो, पेढे नाही दिलेस तरी कळतं हं आम्हाला!" असं म्हणत त्या स्वतः खाली उतरल्या. हातात कढीनं भरलेलं पातेलं! वाटी नाही, डबा नाही, पातेलं! त्यात बसूला आंघोळ घालता आली असती.

"काकू, बढती वगैरे काही नाही हो..."

"असू दे, असू दे. नजर लागते म्हणून सांगू नये, बरोबर आहे तुझं!"

पातेलं परत गेलं पोहे घेऊन. होते नव्हते तेवढे सगळे पोहे. आणि कपाटाकडं बघवेना. सुट्टी लागलेल्या शाळेसारखं ते दिसायला लागलं होतं. नुसत्या फळ्या!

शेवटी सोमवारी सुकन्यानं केमिस्ट्रीचं डोकं चालवलं. सकाळीच दारात उभी राहून ती मोठ्यानं म्हणाली, "आजपासून सोमवार धरलेत मी! कडक उपास! कुणाकडचं काही चालायचं नाही!"

शेजारून आवाज आला, "अच्छा किया, बेटी!" वरून आवाज आला, "महेश्वर तुझं भलं करो!" सुकन्यानं सुटकेचा श्वास सोडला.

तो श्वास पुरता सुटला नसेल, तोवर पितळी वाटीतून साबुदाण्याची खिचडी आली. "उपाशी लेकीला तशीच ठेवीन व्हय मी?" चांदबी भिंतीपलीकडून ओरडली. पाठोपाठ वरून वरई आली आणि दाण्याची आमटी. पातेल्यातून!

आता उपासाच्या घरातून भाकरी कशी जाणार? उपासाचं भांडं उपासानंच भरायला हवं! घरात उपासाला चालणारं म्हणजे शेंगदाणे. आणि नुसते दाणे काय पाठवायचे? लाडू वळावेत तर गूळ हवा.

सुकन्या स्टुलावर चढली. निळा डबा उतरवला. 'एकच खडा,' ती स्वतःला म्हणाली. एका खड्यात चार लाडू झाले. पातेलं तोंड वासून बसलेलं. मग अजून एक खडा. मग अजून एक. 'गुरुवारी पगार झाला की पहिला गूळ आणायचा. खाला तर रविवारी जाणार. मध्ये भरपूर वेळ आहे,' असं म्हणत म्हणत तिनं डब्याचा तळ बोटानं पुसून घेतला. लाडू गेले. डाळ तेवढी एकटी उरली.

आणि बुधवारी सकाळी दारात टेम्पो थांबला.

"भाभी!" मैनुद्दीनचाचा खालून ओरडले. चाचा असूनही ते सुकन्याला भाभीच म्हणायचे. "रविवारी टेम्पो मिळत नाय! आजच निघायलोय!"

सुकन्यानं डाळ कुकरमध्ये टाकली, गॅस मोठा केला आणि रिकामी वाटी घेऊन जिना चढली. आयुष्यात पहिल्यांदा रिकामी वाटी घेऊन!

"काकू, जरा गूळ देता?"

गिरिजाबाई पोट धरून हसल्या. "तू? माझ्याकडं मागतेस? चाळभर लाडू वाटणारी बाई!"

"काकू, पगारच झाला नाहीये. कपाटात काही नाही. खालांना पुरणपोळी घालायचीय मला. गरम. त्या निघाल्या."

गिरिजाबाईंचं हसू जिथं होतं तिथंच थांबलं. "यव्वा! मग बोलायचं नाहीस? गूळ संपलाय गं माझा. ते तुझे लाडूसुद्धा चांदबीचा डबा भरायला गेले काल!" बोलता बोलता त्यांनी वाटी साखरेनं भरली आणि वर कणकेची पुडी ठेवली. "पळ तू. टेम्पोचं मी बघते."

त्या खाली उतरल्या, टेम्पोच्या पुढ्यात खुर्ची मांडली आणि ड्रायव्हरला विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?"

"बार्शी."

"बार्शीत कुठं? आईचं माहेर कुठलं? मामा काय करतो?"

ड्रायव्हर अडकला! तिकडं शिवलीलेनं गुंडाळलेल्या गादीवर बैठक मारली होती आणि ती हलायला तयार नव्हती.

सुकन्यानं चांदबीला हाताला धरून आपल्या स्वयंपाकघरात आणलं, पाटावर बसवलं. कुकर फुसफुसत होता. चांदबीनं उघड्या कपाटाकडं बघितलं. मग सुकन्याकडं. मग पुन्हा कपाटाकडं.

"तुझे डबे कुठायत गे?"

सुकन्या कणीक मळत राहिली. तिच्या हाताखाली कणीक नव्हतीच जणू, संगमेशचं ऑफिस होतं.

"गिरिजाबाई जिन्यात काय म्हणत होत्या? पगार नाय झाला?" चांदबीनं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! अगे, मी माझे डबे रिकामे करत होते! जाताना ओझं नको म्हणून! आणि तू भरून भरून परत पाठवायचीस. आमचे हे म्हणायला लागले, चांदबी, घर सोडायलोय का दुकान टाकायलोय? तुझी चटणी, तुझे पापड, तुझ्या भाकऱ्या, ते लाडू, समदं एका गोणीत बांधलंय मी!"

"कुठाय गोणी?"

"टेम्पोत. सगळ्यात खाली. तिच्यावर पलंग, पलंगावर कपाट, कपाटावर हे."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि एकदम हसत सुटल्या. हसता हसता चांदबीचं हसू कधी बदललं ते कळलंच नाही. तिनं पदर तोंडाला लावला.

"आता रडू नका हं, खाला. पुरणाला पाणी सुटलंय आधीच!"

खरंच सुटलं होतं. साखरेचं पुरण गुळासारखं आळेना. पहिली पोळी तव्यावर फुटली आणि पुरण ज्वालामुखीसारखं बाहेर आलं. दुसरी लाटताना सुकन्यानं श्वाससुद्धा घेतला नाही. ती तव्यावर पडली, एका कडेनं उचलली, आणि टम्म फुगली! सुकन्यानं ती उलथन्यावर घेतली आणि थेट चांदबीच्या ताटात सोडली. वाफ दोघींच्या तोंडावर आली.

"खा, खाला!"

चांदबीनं तुकडा मोडला. बोट भाजलं. फुंकर घातली. तुकडा ओठापर्यंत नेला.

खाली हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिला. बार्शीतले सगळे मामा संपले होते.

"खा की!"

"नाय उतरत गे गळ्यातून," चांदबी म्हणाली. "आत्ता नाय उतरत." तिनं तुकडा पोळीवर ठेवला, पोळीची घडी केली आणि रुमालात बांधली. "घरी जाऊन खाते. नव्या घरी."

"अहो, गार होईल ती!"

"होऊ दे."

तिनं सुकन्याच्या तोंडावरून हात फिरवला. हाताला साखर लागली होती, ती गालाला लागली. मग ती उठली आणि जिना उतरून गेली. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला. सुकन्याचं अख्खं कपाट पलंगाखाली गोणीत बसून कुंभारीला निघालं होतं, आणि तव्यावर तिसरी पोळी जळत होती.

पगार झाला. गुरुवारी नाही, पण झाला. फळ्या पुन्हा भरल्या. शेजारच्या खोलीत नवरा-बायको राहायला आलेत, दोघं नोकरीला, दार कायम बंद. सुकन्या दर रविवारी ठरवते, आज जायचंच. आणि दर रविवारी बसू शिंकतो. फोन करते ती. "जेवलात का, खाला?" विचारते. "खाल्लं की गे, मस्त!" असं उत्तर येतं, जरा जास्तच पटकन. पलीकडं पंख्याचा आवाज येतो, भांड्याचा येत नाही. चाचा दिवसभर रिक्षावर. लेकरू नाही, बाळ नाही. त्या घरात एकट्यासाठी कोण चूल पेटवतं?

म्हणून सुकन्यानं तुमच्याकडं निरोप दिलाय. तुमच्यापैकी कुणी कुंभारीकडून जात असेल, तर वसाहतीत शेवटच्या ओळीत चांदबीखालांचं घर विचारा. "जेवलात का" असं नुसतं विचारू नका, त्या हो म्हणतील. पाणी मागायच्या निमित्तानं आत जा. त्या माठाकडं वळल्या, की हळूच तव्यावर हात ठेवून बघा, गरम आहे का.