तिसरे भोक

"आज संध्याकाळपर्यंत पोरीनं आपणहून एक तरी गणित मागितलं पाहिजे. नाहीतर उद्यापासून सगळी सुट्टी खालच्या बाईंच्या क्लासला!" एवढे बजावून आई दवाखान्यात ड्यूटीवर गेली.

खालच्या मजल्यावरच्या बाई रविवारीही गणिताचा क्लास घेत. त्यांचा आवाज जिना चढून वर आला, की खारू पलंगाखाली शिरे. पुढच्या दोन दातांमुळे पोरीला हे नाव पडले होते. गणित म्हटले की ती कानांवर हात ठेवी, आणि ते पाहून बाबाही ठेवीत. पोरीची सुट्टी काहीही करून वाचवायची, असा त्यांनी चंगच बांधला.

बाबा पाणीपुरवठा खात्यात कारकून. त्यांनी गच्चीवर हवा भरून मुलांचा रबरी हौद फुगवला आणि त्यात नळाची नळी सोडली.

"हे बघ, नळानं हा हौद एका तासात भरतो. खालच्या बुचातून दोन तासांत रिकामा होतो. दोन्ही चालू ठेवले तर कधी भरेल?"

"पण बूच लावून टाकू ना!"

"असं विचारायचं नसतं," बाबा म्हणाले. खात्यातही कोणी विचारत नसे.

बुचातले पाणी बादलीत धरून झाडांना घालायचे, असे ठरले. खारू भिजली, खिदळली आणि भिजता भिजता उत्तरही देऊन बसली, "तासाला अर्धा! म्हणजे दोन तास!" बाबांना आभाळ ठेंगणे झाले. त्यांनी खुर्ची ओढली, पेपर तोंडावर घेतला आणि दोन तास छान डुलकी काढली.

"बाबा, उठा! हौद अर्धाच भरलाय!"

"शक्य नाही. गणित बरोबर आहे. हौद चुकला असेल."

"मग अर्धा हौद पाणी गेलं कुठे? तिसरं भोक असणार!"

"अगं, असेल थोडी गळती. गळती धरायची नसते."

"का?"

"आमच्याकडे नाही धरत," बाबा म्हणाले. वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडत होता.

खारू मात्र बोटांवर मोजत येरझाऱ्या घालू लागली. "दोन तासांत अर्धा गेला, म्हणजे तासाला पाव. म्हणजे तिसऱ्या भोकानं चार तासांत सगळा हौद रिकामा होईल! भोक सापडलंच पाहिजे!"

भोक सापडले नाही, पण पाणी सापडले. जिन्यात धाडधाड पावले वाजली आणि खालच्या बाई दारात उभ्या राहिल्या. अंबाड्यातून पाणी निथळत होते. मागे ओल्या वह्या छातीशी धरलेली आठ-दहा मुले होती आणि त्यांचे चेहरे सण असल्यासारखे फुलले होते.

"माझ्या फळ्यावर धार लागलीय!" बाई कडाडल्या. "वर काय चाललंय?"

बाबांनी धावत जाऊन नळ बंद केला. खालच्या बाईंना भिजवल्यावर क्लास टळणे तर सोडाच, आता खारूला पहिल्या बाकावर बसवतील, अशी त्यांची खात्री पटली. सगळ्यांनी मिळून हौद ओढून बाजूला केला, तर खाली गच्चीच्या फरशीतून वर आलेला एक खिळा होता. नेमकी तिथेच फरशीला भेगही होती.

खारूला मात्र बाईंची भीती वाटायला सवडच नव्हती.

"सापडलं!" ती ओरडली. "बाई, गळती धरायची नसते म्हणे! पण नळानं एका तासात भरतो, बुचानं दोन तासांत रिकामा होतो, ह्या भोकानं चार! तर कधी भरेल?"

बाईंनी पदराने तोंड पुसले. रागावायच्या विसरून त्या म्हणाल्या, "तूच सांग."

"तासाला पाव! चार तास! आणि बाई, अजून एक एवढंच भोक पाडलं तर?"

"खबरदार!"

"कधीच भरणार नाही!" मागची मुले एका सुरात ओरडली आणि सगळे खो खो हसत सुटले.

"आता दुसरं घाला ना बाई! दुसरं गणित घाला!" खारूने बाईंचा ओला पदर ओढला.

दारात आई उभी होती. हातातली पिशवी तिने सावकाश खाली ठेवली. "काय मागितलंस?"

बाबांनी डोळे मिटून मोठा सुस्कारा सोडला. पोरीची सुट्टी वाचली होती.

"हिला क्लासची काही गरज नाही," बाई आईला म्हणाल्या. मग बाबांकडे वळल्या. "गळती धरायची नाही, असं हिला कोणी शिकवलं?"

"मी," बाबा म्हणाले.

"उद्या सकाळी सात. वही आणा. पहिला बाक."

आणि बाबांना इतके हायसे वाटत होते, की ते आनंदाने "हो बाई" म्हणून गेले.