उन्नतीचं डेकेडन्स

बोळिंजच्या उन्नती सोसायटीला २००४ साली दहा वर्षं पूर्ण होत आली, तेव्हा ती साजरी करावीत असं एकाच माणसाच्या मनात आलं. तो माणूस म्हणजे सेक्रेटरी विलास पेडणेकर. बाकीच्यांच्या मनात पाण्याचा टँकर कधी येणार, एवढंच होतं.

पेडणेकर सेक्रेटरी झाले तेही बिनविरोध, म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. बायको, प्रेमलताबाई, गेल्यापासून घरात आवाज असा फक्त फ्रीजचा. मुलगा संकेत मस्कतला. त्याचा रविवारी फोन यायचा आणि ‘बाकी काय विशेष’ इथे येऊन अडायचा. सेक्रेटरी झालं की पंप बिघडल्यावर तरी लोक बेल वाजवतील, असा पेडणेकरांचा विचार होता. (वाजवत. पण पायपुसण्याच्या पुढे येत नसत. चहाचं विचारलं की म्हणत, गॅसवर दूध ठेवलंय. त्या काळात उन्नतीतल्या प्रत्येकाचं दूध कायम गॅसवर असे.)

फंक्शन केलं तर सगळे एकदा खाली उतरतील, श्रीखंडाची वाटी घेऊन कोणीतरी आपल्या बाजूच्या खुर्चीत टेकेल, एवढीच त्यांची अपेक्षा. त्यासाठी गेटवर बोर्ड हवा, आणि तो इंग्रजीत हवा, म्हणजे जरा वजन येतं. दहा वर्षांना डेकेड म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, पण तो शब्द त्यांना तोकडा वाटला. ‘रिसाइड’चं ‘रेसिडेन्स’ होतं, ‘कन्फाइड’चं ‘कॉन्फिडन्स’ होतं. मग ‘डेकेड’चं काय होणार, हे काय कोणाला विचारायला हवं?

“साहेब, स्पेलिंग बघून घ्या,” बाबू पेंटर म्हणाला. “रंग सुकला की माझी जबाबदारी नाही.”

“अरे, जन्मभर ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहिलीत मी.” (लिहिली होती. साहेब सांगायचे, हे उतरवून घ्यायचे.)

दुसऱ्या दिवशी गेटवर लाल-निळ्या अक्षरांत बोर्ड झळकला: ‘वुई प्राउडली सेलिब्रेट द डेकेडन्स ऑफ उन्नती’.

संध्याकाळी बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या सुरुचीताई पायपुसणं ओलांडून थेट सोफ्यावर येऊन बसल्या.

“काका, मागच्या खिडकीतून कचरा टाकणारी मी एकटी नाही,” त्या म्हणाल्या. “नाव घ्यायचं तर सगळ्यांचं घ्या.”

पेडणेकरांना काहीच कळलं नाही. पण सोफ्यावर माणूस बसलं होतं.

“चहा ठेवू?”

“ठेवा.”

आधण यायच्या आत कॉल सेंटरवाला मयूर आला. “काका, आम्ही गच्चीवर बसतो हे मान्य. पण बियरच्या वर कधी गेलो नाही. आणि मला अर्थ समजतो, बरं का. सगळ्या बिल्डिंगला मीच सांगितला. हे असं गेटवर लावणं जरा जास्त होतंय.”

मग रांगच लागली. कोणी चोरून जोडलेल्या नळाबद्दल सांगायला आलं, कोणी लिफ्टमधल्या पानाच्या पिचकारीबद्दल. एकाने कबूल करावं आणि दुसऱ्याचं नाव घ्यावं, असं चाललं होतं. आतल्या खुर्च्या बाहेर आल्या. प्रेमलताबाईंचे शोकेसमधले कप तीन वर्षांनी खाली उतरले. ‘सेक्रेटरीच बदला’ असंही कोणीतरी म्हणालं. पेडणेकर आत दुधाची दुसरी पिशवी फोडत होते. फंक्शनच्या आधीच एवढा उत्साह, म्हणून त्यांना भरून आलं होतं.

तेवढ्यात उघड्या दारात एक अनोळखी म्हातारे गृहस्थ उभे राहिले. पँटला सायकलची क्लिप.

“मी युजीन. पापडीच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर होतो. तो बोर्ड कोणी लिहिला?”

सगळ्यांनी किचनकडे बोट दाखवलं. पेडणेकर ट्रे घेऊन बाहेर आले.

“इतकी प्रामाणिक सोसायटी मी बघितली नाही,” युजीन सर म्हणाले. “डेकडन्स म्हणजे ऱ्हास. वाढ संपून आतून सडत जाणं, चालरीत ढासळणं. हल्ली केकवाले चॉकलेटच्या थरालाही म्हणतात. पण तुम्ही केकबद्दल लिहिलेलं दिसत नाही. तुम्ही लिहिलंय, उन्नतीचा ऱ्हास आम्ही अभिमानाने साजरा करतो.”

सगळे पेडणेकरांकडे बघू लागले. ‘मुद्दामच लिहिलं’ म्हणावं, तर सेक्रेटरीचा दरारा राहिला असता. माणसंही रोज भांडायला आली असती. पेडणेकर क्षणभर मोहात पडले. पण सोफ्यावरचे ओशाळलेले चेहरे त्यांना बघवेनात.

“मला वाटलं,” ते हळूच म्हणाले, “ते डेकेडचंच मोठं रूप आहे.”

आधी सुरुचीताई हसल्या. मग मयूर, मग सगळेच. आपल्यावर कोणीच ठपका ठेवला नव्हता म्हटल्यावर माणसं किती मोकळी हसतात, हे पेडणेकर ट्रे धरून बघत राहिले. पाच मिनिटांत हॉल रिकामा झाला. हसणं जिन्यात थोडा वेळ ऐकू आलं, मग एकेक दार लागत गेलं.

युजीन सर तेवढे राहिले. त्यांचा चहा उरला होता.

“तुमच्याकडे रोज एवढी माणसं येतात?”

“नाही. आजच आली. डेकेडन्समुळे.”

“डेकडन्स.”

“तेच.”

सरांनी कप खाली ठेवला. “मी इथे मागच्या गल्लीत मुलीकडे असतो, डेल्फिनकडे. मुलगी-जावई दोघंही कामावर जातात. दिवसभर मी आणि टीव्ही. त्याचंही इंग्रजी चुकतं, पण त्याला सांगून उपयोग नसतो.”

“माझं सांगून सुधारेल?”

“वेळ तर भरपूर आहे. उद्या साडेपाचला येऊ?”

पेडणेकर त्यांना सोडायला गेटपर्यंत गेले. इतका वेळ कोणी सोबत केली त्याला किती दिवस झाले होते. आभार मानायचे तर सरांना शोभेल अशा इंग्रजीत मानावेत, म्हणून त्यांनी शब्द जुळवला, घसा साफ केला आणि हात जोडले.

“थँक यू, सर, फॉर युअर कंडोलन्स.”

दुखवट्याबद्दलचे आभार ऐकून युजीन सरांनी पेडलवर ठेवलेला पाय पुन्हा जमिनीवर टेकवला.

“पेडणेकर,” ते म्हणाले, “साडेपाच नको. चारलाच येतो.”