त्रिशूलीत तिखट

नदीत उतरताना चटणी बरोबर घ्यायची की तंबूत ठेवायची, एवढाच प्रश्न होता. राजवर्धन इंगवलेनं ती बरोबर घ्यायची ठरवली. पुढं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत जे रामायण घडलं ते या एका निर्णयापायी, आणि अजूनही त्याला विचारलं तर तो म्हणतो की निर्णय बरोबरच होता, पिशवी चुकीची होती.

राजवर्धनचं पेठेत पाण्याच्या मोटारींचं दुकान. एवढी वर्षं मोटारी विकल्यामुळं पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा समज (गिऱ्हाइकांचा तसा नाही). एकदा त्याच्या मित्रानं, बाळासोनं, मोबाईलवर त्याला नेपाळातला व्हिडिओ दाखवला. लांबट होडी, तिच्यात एकटा माणूस, कमरेभोवती रबरी झापड घट्ट बसवलेली, आणि फेसाळत्या पाण्यातनं गडी नाचत खाली येतोय. याला कयाक म्हणतात.

"ह्येच्यात काय एवढं," राजवर्धन म्हणाला.

कोल्हापुरात हे वाक्य एकदा तोंडातनं गेलं की माणसाला मागं फिरता येत नाही. दिवाळी झाली आणि तिघं मित्र नेपाळला निघाले. राजवर्धन, म्हशींच्या शेपट्या धरून पोहायला शिकलेला दूधवाला बाळासो, आणि उदयसिंह. उदयसिंहला पोहता येत नव्हतं, म्हणून व्हिडिओ काढायचं काम त्याच्याकडं.

त्यांची गाडी मिरज सोडायच्या आत पेठेतल्या चौकात राजवर्धनच्या फोटोचा फ्लेक्स लागला. 'आंतरराष्ट्रीय कयाकपटू राजवर्धन इंगवले यांना मोहिमेस हार्दिक शुभेच्छा.' तोवर आंतरराष्ट्रीय कयाकपटूनं कयाक फक्त मोबाईलवर पाहिली होती. तालमीचे वस्ताद पिराजीआण्णा निघताना म्हणाले होते, "व्हिडिओ धाड. समद्या तालमीला बसवून दावतो." म्हणजे आता नदीत उलटून चालणार नव्हतं. उलटला असता तर चौकातल्या त्या हसऱ्या फोटोखालून रोज दुकानाला जायचं कसं?

पहिले तीन दिवस तो होडीत कमी आणि होडीखाली जास्त होता. प्रत्येक वेळी वर यायचा, नाकातलं पाणी काढायचा आणि किनाऱ्याकडं बघून म्हणायचा, "ह्ये धाडू नको." उदयसिंहनं एकही व्हिडिओ धाडला नाही. मैत्री म्हणतात ती हीच.

चौथ्या दिवशी खरी परीक्षा. त्रिशूली नदीची एक दगडगोट्यांची, खळाळती उतरण पार करायची आणि खाली वाळूवर जेवायचं. जेवायला डाळभात. आता नेपाळचा डाळभात चांगलाच असतो, पण चटणी तंबूत ठेवून तो सलग चौथ्या दुपारी कोरडा खायचा म्हणून बाळासो सकाळपासून कुरकुरत होता. राजवर्धनच्या सामानात आई आक्काताईंनी केलेली कांदा-लसूण चटणी होती. त्यानं पिशवी उचलली आणि अंगातल्या लाल लाइफ जॅकेटच्या आत छातीशी सारली.

"फुटंल की," बाळासो म्हणाला.

"इंगवल्यांची हाय. फुटत न्हाय."

(बायको निशिगंधानं निघताना सांगितलं होतं की दोन पिशव्यांत बांधून न्या. पण बायकोचं सगळंच ऐकायचं तर परदेशात कशाला जायचं?)

उतरणीला होडी लागली. मग काय झालं कुणास ठाऊक, हात आपोआप चालू लागले. डावीकडचा दगड चुकवला, भोवऱ्याच्या कडेनं होडी काढली, एक लाट तोंडावर घेतली, होडी तिरकी झाली, त्यानं कंबर मुरडून ती सरळ केली. आणि खाली शांत पाण्यात तो आला तेव्हा तो सरळ होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एक गोष्ट आधी फुशारकी मारून नंतर खरी करून दाखवली होती. छाती अभिमानानं अशी काही फुगली की जॅकेटच्या आत जागा उरली नाही, आणि पिशवी फुटली.

जॅकेटच्या खालून लाल ओघळ निघाले. पिवळी होडी लाल झाली, भोवतीचं पाणी लाल झालं. छातीला आग लागली म्हणून त्यानं आत हात घातला आणि तोच हात डोळ्यांना लावला. त्यानंतर तो जे ओरडला ते पलीकडच्या डोंगरापर्यंत गेलं.

गाइड मदननं शिट्टी फुंकली. दोरी टाकून त्याला काठाला ओढलं, मानेला पट्टा बांधला, स्ट्रेचरवर आवळला.

"भाई, हिलना मत. कहाँ लगा?"

"चट... चट..." राजवर्धनला ठसक्यापुढं शब्द फुटेना. मदननं ते शेवटचे शब्द समजून धीरगंभीर चेहरा केला, कपाळावरचा घाम पुसला आणि त्याच लाल झालेल्या हातानं डोळेही पुसले. मग तोही वाळूत बसला. स्ट्रेचर एकच होतं.

बाळासोला वासानं सगळं कळलं. पण त्याआधीच उदयसिंहनं तालमीच्या ग्रुपवर व्हिडिओ धाडला होता, खाली मजकूर: 'राजूला लागलंय. रगात लई गेलं. पर गड्यानं होडी सोडली न्हाय.'

पाच मिनिटांत निशिगंधाचा फोन आला.

"अवो, कुठं लागलंय?"

"छातीत."

"मग व्हिडिओत डोळं का चोळताय?"

राजवर्धननं नाक ओढलं.

"चटणीची पिशवी कुठं हाय?"

"...हुती."

पलीकडं तिनं मोठा श्वास सोडला. "जिवात जीव आला बघा. आता कुणाला काय बोलू नकासा. पेठेनं दुसरा फ्लेक्स लावलाय."

दुसऱ्या फ्लेक्सवर मजकूर होता: 'रक्ताचा अभिषेक करून नदी जिंकणारा वाघ.' तो उतरवा म्हणायची वेळ कधीच टळून गेली होती. वाघ कोल्हापुरात उतरला तेव्हा स्टेशनवर हलगी वाजत होती. तालमीत फेटा बांधला, सगळ्यांना पेढे वाटले. वाघाला घाम फुटला होता.

आणि पिराजीआण्णांनी माइक घेतला. "ह्या तालमीत जखम लपवायची रीत न्हाय. काढ शर्ट. पोरांना दाव."

राजवर्धननं वरच्या बटणाला हात लावला, काढला, परत लावला. आत तळहाताएवढं पुरळ होतं, तेही औषधानं मावळत आलेलं. त्यानं निशिगंधाकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावून खाली पाहिलं. सगळी तालीम त्याच्या बटणाकडं बघत होती.

तेवढ्यात बायकांतून आक्काताई उठल्या. त्यांना हा व्हिडिओ त्याच सकाळी शेजारणीनं दाखवला होता, आणि तेव्हापासून त्या धुमसत होत्या.

"कसली जखम अन् कसलं काय," त्या म्हणाल्या. "त्ये रगात न्हवं. माझी चटणी हाय. मी बघताक्षणी वळखली. रगताला कधी तेल सुटतंय व्हय?"

सगळ्या माना आक्काताईंकडं वळल्या. राजवर्धनला वाटलं, त्रिशूलीतच राहिलो असतो तर बरं झालं असतं. वस्तादांनी मोबाईल मागवला, चष्मा लावला आणि व्हिडिओ परत पाहिला. बराच वेळ पाहिला.

"आक्काताई," ते शेवटी म्हणाले, "एवढ्या नदीत बी रंग गेला न्हाय?"

"संकेश्वरी मिरची हाय. सूनबाई निवडती, मी कांडते. रंग जातोय कसा?"

"मला दोन किलो द्या."

मग जी झुंबड उडाली ती आक्काताईंभोवती. राजवर्धनच्या अंगावर घालायची शाल कुणीतरी त्यांच्या खांद्यावर घातली. "पर मी सरळ आलतो," असं राजवर्धन दोनतीनदा म्हणाला. ऐकायला शेजारी बाळासो होता आणि तो पेढा खात होता.

घरी आल्यावर निशिगंधानं व्हिडिओ लावला आणि लाल व्हायच्या आधीचा भाग पुन्हा पुन्हा पाहिला.

"उलटला न्हाईसा की," ती म्हणाली.

"न्हाय."

"एवढ्या दगडांतनं?"

"व्हय."

"मी शेजारी सगळ्यांस्नी दावणार हाय," ती म्हणाली. राजवर्धनला दोन्ही फ्लेक्स मिळून झाला नव्हता एवढा आनंद त्या एका वाक्यानं झाला.

सासूसुनेची चटणी आता पार हुपरीपर्यंत जाते. चौकात तिसरा फ्लेक्स लागलाय: 'परदेशी नदीनं चाखलेली इंगवल्यांची चटणी.' वर आक्काताई आणि निशिगंधा, फेट्यात, भल्यामोठ्या. खाली शुभेच्छुकांच्या ओळीत पाण्यात पायसुद्धा न घातलेला उदयसिंह, मग बाळासो, आणि शेवटी लाल जॅकेट आणि हेल्मेटमधला राजवर्धन. तो रोज दुकानाला जाताना तिथं क्षणभर थांबतो. कितीही लहान असला तरी फोटोत तो होडीत आहे, आणि सरळ आहे.

परवा एक परगावचा माणूस तो फ्लेक्स निरखत उभा होता. राजवर्धन ऐटीत त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. माणसानं फोटोतल्या हेल्मेटकडं पाहिलं, मग याच्याकडं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"पावणं, ह्यो तुमीच न्हवं?"

"व्हय," राजवर्धन छाती काढून म्हणाला.

"मग बरं झालं. घरपोच द्यायला किती घेताय?"