उंदीरमामांचा दुसरा पिंजरा

आमच्या आळीत कुणाकडे सत्यनारायण असला की यजमान आधी बघून घेतात, जनूभाऊ आलेत का. आले असले तर नवसाचा विषय काढायचा नाही. गेल्या वर्षी शेजारच्या वहिनी कौतुकानं सांगत होत्या, "नवस बोलले आणि पोरगा दहावी पास झाला." जनूभाऊंनी हातातला प्रसादाचा द्रोण खाली ठेवला आणि विचारलं, "आणि ज्यांनी नवस नाय बोलला त्यांची पोरं? दुसऱ्या पिंजऱ्याचं काय झालं?" वहिनींनी त्यांना परत प्रसाद विचारला नाही.

हा दुसरा पिंजरा समजून घ्यायला हवा. मुंबईत औषधांवर संशोधन करणारी एक संस्था आहे. तिच्या तळघरात जनूभाऊंनी तीसेक वर्षं उंदीर सांभाळले. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. एका पिंजऱ्यातल्या उंदरांना नवं औषध द्यायचं, दुसऱ्यातल्यांना नुसतं पाणी. बाकी दाणा, उजेड, हवा, सगळं सारखं. मग दोन्हीकडे बघायचं. गुण औषधाचा, की बिचारे आपले आपणच बरे झाले, ते दुसऱ्या पिंजऱ्याशिवाय कळत नाही. एवढी साधी गोष्ट. पण हा माणूस ती घेऊन पोलादपुरात परत आला आणि आमचं बोलणं अवघड करून बसला. काविळीवर माळ घालून बरा झालेला कुणी दिसला की हे त्याच्या मागे. "माळ न घालता बरा झालेला एक तरी गाठ, मग बोल!"

ते मुंबईत होते तोवर गाव समजत होतं, जनूभाऊ मोठ्या दवाखान्यात मोठ्या पोस्टवर आहेत. खरं कळलं तेव्हा लोकांनी त्यांना उंदीरमामा करून टाकलं. दुसरा कुणी तोंड लपवून बसला असता. ह्यांनी पत्र्याच्या पाटीवर स्वतःच रंगवलं, "उंदीरमामा. औषध कसं शोधतात ते विचारा. फुकट." कुणी बीपीची गोळी घेऊन आलं तर फाटकातनंच हाकलत. "गोळी कुठची खायची ते डॉक्टरला विचार! ती गोळी आली कुठनं, ते मला विचार." तसं विचारायला कुणीच येत नसे. तरी रोज संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे.

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. म्हणजे फळ्यावर शिकवतो. शाळेत सूक्ष्मदर्शक आहे, पण तो कपाटात. पोरांनी मोडला तर जबाबदार कोण? वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो बाहेर निघतो. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ, की पुन्हा कपाटात. गेल्या खंडेनवमीला जनूभाऊ प्रसादाला आले आणि सवयीनं नळीला डोळा लावला.

"मास्तर, ह्यात तर नुसतं लालभडक दिसतंय!"

दिसणारच. इतक्या वर्षांचं कुंकू भिंगावर थापलेलं. आम्ही दरवर्षी देवाच्या कपाळाला लावावं तसं बरोब्बर भिंगालाच लावत आलो होतो, आणि तिथं डोळा लावायचा असतो हे मला, विज्ञानाच्या शिक्षकाला, एकदाही सुचलं नव्हतं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. जनूभाऊ पूजेच्या सतरंजीवरच फतकल मारून बसले आणि कापूस मागवून भिंग पुसायला लागले. "पूजा करा ना, कोण नको म्हणतंय? पण मशीनचा डोळा कशाला फोडता?"

पुसून झाल्यावर ते सरळ मुख्याध्यापकांकडे गेले. पोरांना हे दाखवायचंय, प्रयोगशाळेत कायकाय कामं असतात ते सांगायचंय. मुख्याध्यापक हसले. "जनूभाऊ, मार्गदर्शनाला आम्ही साहेब लोक बोलावतो. उंदरांना दाणा घालायला पोरांनी शिकायचं का?"

"मग साहेबांनी एक दिवस पिंजरा धुऊन बघावा! पिंजरा घाण राहिला तर त्यांचा हिशेब सगळा खोटा पडतो. डॉक्टर होणार तो होईल. बाकीच्या पोरांना कोण सांगणार, की ह्या कामात तुमच्यापण हाताला जागा हाय?"

कपाटाला पुन्हा कुलूप लागलं. पण जनूभाऊ हार मानणाऱ्यातले नव्हेत. दर सोमवारी शाळा भरायच्या वेळी ते मुख्याध्यापकांच्या दारात उभे. दर सोमवारी नाही ऐकायचं आणि "बरं, पुढच्या सोमवारी येतो" म्हणून परत जायचं.

यंदा ऑगस्टात करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता. पोलीस भरतीवाले बोलले, नर्सिंगवाल्या बाई बोलल्या. प्रमुख पाहुणे महाबळेश्वरहून यायचे होते, आणि आंबेनळी घाटात दरड आली. मुख्याध्यापक पोरांना समूहगीत म्हणायला लावायच्या बेतात होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून जनूभाऊ उठले. आमंत्रण नव्हतंच. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, ह्यांना बसवा म्हणून. माझं काय बिनसलं कुणास ठाऊक, मी खिशातली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि सूक्ष्मदर्शक आणून त्यांच्यासमोर ठेवला. नोकरी जाते की राहते, म्हटलं, बघू.

जनूभाऊंनी डबक्याच्या पाण्याचा थेंब दाखवला, पिंजरे समजावले, कुठल्या शिक्षणाला कुठलं काम मिळतं ते सांगितलं. पोरं रांगा लावून डोळा लावत होती. मग डोंगरावरच्या वाडीतली एक नववीतली मुलगी उठली. तिच्या घरी शेरडं असतात. तिनं तोंडावर विचारलं, "उंदीर मरतात ना तिथं? तुमाला वायट नाय वाटत?"

मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. जनूभाऊंनी चष्मा काढला.

"वाटतं गो. लय वाटतं. एक गेला की त्या दिवशी जेवण जायचं नाय. त्यांना नंबर असतात, नाव ठेवायचं नाय असा नियम हाय. मी ठेवायचो, गुपचूप. सगळी आपल्या गावची. तळघरात दिवसभर बोलायला कोण नाय, मग त्यांनाच हाका मारायचो. ह्या मास्तरच्या बापाचं नाव एकाला होतं. खायचा आणि झोपायचा."

सगळे हसले. माझे वडील खरंच तसे होते.

"आणि आजीचं?" मुलीनं विचारलं.

आजी म्हणजे जनूभाऊंची बायको. ती त्या सगळ्या वर्षांत इथं गावात एकटी शेती बघत होती. ते हातातला चष्मा सदऱ्याला पुसायला लागले.

"तिचं नाय ठेवलं. फार दिवस नसतात गो ते आपल्यापाशी. तिच्या नावाचा मरायला कसा उचलून देऊ?"

मला वाटलं, झालं, आता हे काम कुठलं पोर करणार?

ती मुलगी मात्र अजून उभीच होती. "मंग मला जमंल हे काम," ती म्हणाली. "आमची करडं विकतात तवा मी पण जेवत नाय."

जनूभाऊंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि माझ्यावर ओरडले, "मास्तर, बघत काय बसलात? हिचं नाव लिहून घ्या!"