विनाशिफारस कार्यवाही व्हावी

सलग चौतीस वर्षं लोकसेवा केल्यानंतर किसनराव साहेबांच्या असं निदर्शनास आलं, की राजकीय व्यवस्था किडलेली आहे. या काळात ते सरपंच, सभापती, बँकेचे अध्यक्ष, कारखान्याचे अध्यक्ष आणि तीनदा आमदार होते, त्यामुळे आजूबाजूला बघायला त्यांना सवड मिळाली नव्हती. सवड मिळताच त्यांनी आखाडा बाळापूरला बाजाराच्या दिवशी सभा घेतली आणि 'वशिलामुक्ती अभियान' जाहीर केलं.

"याच्यापुढं कोनत्याच कामाला पुढाऱ्याची चिठ्ठी लागनार न्हाई!" साहेब गरजले. "या प्रस्थापितांना घरी बसवल्याबिगर मी थांबनार न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. स्टेजवर बसलेल्या प्रस्थापितांनीही मनापासून वाजवल्या.

मी सोमेश्वर, साहेबांचा स्वीय सहायक. गेली बावीस वर्षं त्यांची शिफारसपत्रं मीच टाइप करतो. टाळ्या वाजवताना मी मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधत होतो, हे कबूल करतो.

ते भाषण खरं मानणारी एकच व्यक्ती निघाली, वरच्या तांड्यावरच्या नीलाबाई. त्यांची नात शिला दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के घेऊन पास झाली होती आणि बाळापूरच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. पण एसटी तांड्याच्या चार किलोमीटर अलीकडूनच माघारी वळते. पोरीला रोज एवढं एकटीनं चालू द्यायला तिचा बाप प्रेमदास तयार नव्हता. गाडी तांड्यापर्यंत आली तर कॉलेज, नाहीतर शिक्षण बंद, असं त्यानं सांगून टाकलं होतं.

नीलाबाई अर्ज घेऊन थेट आगारात गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी अर्ज उलटून पाहिला. मागंही काही जोडलेलं नव्हतं.

"साहेबांचं पत्र कुठंय?"

"आता लागत न्हाई ना. सभेत सांगितलं त्याइनं."

"लागत नाही, असं त्यांच्याकडून लेखी आणा."

यात त्यांची काही चूक नव्हती. कार्यालयं भाषणांवर चालत नाहीत. नीलाबाई आमच्याकडे आल्या आणि साहेबांनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला : 'अर्जदार यांच्या कामास कोणाच्याही शिफारशीची आवश्यकता नाही. तरी विनाशिफारस कार्यवाही व्हावी, अशी शिफारस करण्यात येत आहे.' सही झाली, गोल शिक्का झाला, जावक क्रमांक एक पडला.

आठवड्याभरात बंगल्यासमोर रांग लागली. पूर्वी ज्याचं काम अडलं तोच पत्राला यायचा. आता ज्यांची कामं बिनबोभाट होत होती, त्यांनाही शिफारस नसल्याची शिफारस लागू लागली. सातबाऱ्याला लागली, रेशनकार्डाला लागली, मृत्यूच्या दाखल्यालाही लागली. रांगेत पुढं घुसायला लोक आपापल्या सरपंचाची चिठ्ठी आणू लागले. साहेबांनी या प्रकाराची गंभीर दखल घेतली आणि चिठ्ठीवाल्यांची वेगळी रांग केली. मला हाताखाली दोन माणसं मिळाली.

नीलाबाई दर सोमवारी येत राहिल्या. "दादा, कागद तर देल्ला. मंग गाडी काहून येऊन न्हाई राहिली?"

कारण मला माहीत होतं. पत्र सगळ्यांनाच देतात. त्याच्या मागून फोन गेला तर काम करायचं, नाही गेला तर पत्र फायलीला लावायचं, ही आमची जुनी रीत आहे. अभियानात चिठ्ठी बंद झाली होती, फोनबद्दल साहेब काही बोलले नव्हते. बाळापूरचे बडे व्यापारी गुलाबचंद शेठ यांच्यासाठी फोन गेला, आणि एसटीची वाढीव फेरी त्यांच्या नव्या मंगल कार्यालयापर्यंत सुरू झाली. हे मी नीलाबाईंना सांगितलं नाही. मला लाज वाटली.

महिन्यानं अभियानाचा आढावा मेळावा झाला. अकराशे चाळीस पत्रं दिल्याबद्दल साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार चालला होता, तेवढ्यात नीलाबाई उठल्या.

"सायब, चौतीस वर्सं खुर्चीवर तुमीच हाव ना? मंग घरी कुनाला बसवून राहिले?"

स्टेजवरच्या प्रस्थापितांनी माना खाली घातल्या. साहेब मात्र हसले. माणूस चौतीस वर्षं उगाच टिकत नाही.

"बराबर बोलल्या मावशी. मी आत्ताच घरी बसतो. ज्यानं जन्मात कंदी वशिला लावला न्हाई, त्यानं हात वर करावा. सगळा कारभार त्याच्या हाती देतो."

साडेतीनशे माणसांत एकच हात वर गेला, नीलाबाईंचा.

"मंग मावशी, तुमी काय करसाल?"

"चिठ्ठी न्हाई, फोन न्हाई. ज्याचा नंबर पयला, त्याचं काम पयलं."

हे ऐकून मांडवात खरी घबराट पसरली. कोणाच्या सुनेची बदली वाटेत होती, कोणाचा ट्रान्सफॉर्मर. नीलाबाईंच्याच तांड्यावरचा नेमसिंग मागून म्हणाला, "काकी, बस ना खाली. काहून सगळ्याइला तकलीफ देतीस?"

हात वर करून मत घेतलं. नीलाबाईंना एक मिळालं, बाकी सगळी साहेबांना. त्यात माझाही हात होता, कारण माझ्या मुलाच्या, योगेशच्या नोकरीची ऑर्डर अडकली आहे. जनतेच्या आग्रहापुढं साहेबांनी मान तुकवली आणि प्रस्थापितांविरुद्धचा लढा आणखी पाच वर्षं चालवायचं मान्य केलं.

शिलाचा प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख येता शनिवार आहे. नीलाबाई आता आमच्याकडे येत नाहीत.

हे वाचून तुम्हाला चीड आली असेल, तर ती रास्तच आहे. पण तेवढं बघा ना, एसटीत तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? शिलाचं नाव सांगा, माझं सांगू नका.

आहे ना कोणीतरी? मला वाटलंच.