अस्वल मावशीची चिकट पावती

एका जंगलात एक अस्वल मावशी मधाच्या वड्या करून विकायची. जिभल्या चाटू नका, वड्या मिळणार नाहीत. गोष्ट कराची आहे.

त्या जंगलात काहीही विकलं की किमतीचा दहावा हिस्सा सिंहाच्या कोठारात भरायचा. मावशी मध घ्यायची तेव्हा त्यातला हिस्सा मधमाश्यांनी आधीच भरलेला असे. म्हणून मधाची पावती दाखवली की तिला तेवढी सूट मिळे.

हे मुंगूसरावांच्या कानावर गेलं. सूट पावतीवर मिळते, मग मध हवाय कशाला, असा विचार करून त्यांनी नुसत्याच पावत्या छापल्या. बघता बघता पावत्यांवर इतका मध झाला की तेवढी फुलं सात जंगलांत नव्हती. कोठारात खडखडाट झाला.

सिंहाने सगळ्यांचीच सूट अडवली. प्रकरण गवासाहेबांच्या न्यायालयात गेलं. सूट गेली तर मावशीची भट्टी बंद पडणार होती.

गवासाहेब भारी कडक हो! आधी त्यांनी मुंगूसरावांच्या पावत्या पाहिल्या. कोऱ्या करकरीत, ओळीने क्रमांक, ठसठशीत शिक्के. विकणारा म्हणून एका बगळ्याचा पत्ता होता. शिपाई जाऊन आला, बगळा खरंच तिथे उभा होता. बगळ्याकडे मध कुठून आला, हे विचारायचा रकाना अर्जात नव्हता.

मग मावशीची पावती आली. ती साहेबांच्या खुराला चिकटली. तिच्यावर दोन मुंग्याही होत्या. आणि मधमाश्या तर फुलं संपल्यावर पोळं सोडून गेलेल्या, दरवर्षी जातात तशा.

"विकणारे फरार, पावती डागाळलेली," गवासाहेब म्हणाले. "मध घेतल्याचा पुरावा काय?"

"साहेब, तुमच्या खुराला लागलाय तोच," मावशी म्हणाली.

खुराला लागलेलं नोंदीत घेता येत नाही, असं सांगून साहेबांनी तिची सूट रद्द केली. मुंगूसरावांची मंजूर झाली. मावशीच्या भट्टीला टाळं लागलं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

पुढच्या बहरात मावशीने उसनवारी करून टाळं काढलं. मध मधमाश्यांकडूनच घेतला, अगदी खरा. पावती मात्र मुंगूसरावांकडून विकत आणली.

गवासाहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि लगेच सूट दिली.

"मावशी," ते कौतुकाने म्हणाले, "आता तुम्ही सचोटीने धंदा करू लागलात."

तात्पर्य : मुलांनो, आपला खरा व्यवहार खरा ठरावा असं वाटत असेल, तर त्याला एक चांगली खोटी पावती जोडावी.