पाचवीचं पक्कं काम

खुराडं दारातून बाहेर जात नाही, हे पाचवीच्या वर्गाला शुक्रवारी सकाळी सव्वाआठ वाजता कळलं. तपासणी अकरा वाजता होती.

"तिरकं करा," मागून कोणीतरी ओरडलं.

तिरकं केलं. मग आडवं केलं, उलटं केलं, आधी पाय बाहेर काढून पाहिले, मग आधी छप्पर. बावीस मुलं आणि त्यांच्या बाई मिळून ते खुराडं दारात असं काही फिरवत होती की आत कोंबड्या असत्या तर त्यांना घेरी आली असती. खुराडं मोठं सुबक होतं. अंडी घालायला सात कप्पे, चढायला शिडी, वर उतरतं छप्पर. लांबी, रुंदी, उंची, कुठूनही धरलं तरी चौतीस इंचांपेक्षा कमी भरत नव्हतं. आणि दार नेमकं एका इंचाने कंजूष होतं.

"मोजपट्टी कुठंय?" बाईंनी विचारलं.

मोजपट्टी ही वर्गातली एक मुलगी होती. आई शिवणकाम करायची, त्यामुळे हिच्या गळ्यात कायम टेप असायची. कुठलीही वस्तू ती दोनदा मोजायची, आणि दुसऱ्या कोणी मोजलेली असेल तर तिसऱ्यांदा. ती गर्दीतून पुढे आली. चेहरा पांढराफटक.

"बाई, मी मोजलं होतं. शप्पथ. हे बघा वहीत." वहीत खरंच लिहिलेलं होतं: दार छत्तीस इंच, खुराडं चौतीस इंच, दोन्ही बाजूंना बोटं धरायला एकेक इंच. खाली दोन रेघा.

बाईंनी टेप लावली. दार तेहतीस इंच भरलं.

"म्हणजे दार आकसलं?" शंकासुर म्हणाला. याला प्रत्येक गोष्टीवर शंका असायची, म्हणून हे नाव. त्याच्या आजोबांना ते नाव इतकं पटलं होतं की घरीही तेच चालायचं.

उत्तर सगळ्यांना एकदमच आठवलं. खुराड्याचा आराखडा काढला तेव्हा दाराला जुनी चौकट होती, वाळवीने पोखरलेली. पुढच्याच महिन्यात ती काढून नवी बसवली. नवी चौकट जाडजूड होती, भक्कम होती, दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच पुढे आलेली होती. आणि ती बसवली होती पाचवीच्याच वर्गाने.

इथे थोडं मागे जायला हवं. त्या शाळेत पाचवीचं वर्ष म्हणजे हाताचं वर्ष. ही बाईंची कल्पना. मधल्या सुट्टीपर्यंत पुस्तकं, त्यानंतर हात. दर महिन्याला एक कसबी माणूस वर्गात येणार, बहुतेक वेळा कोणाचा तरी काका, मावशी किंवा आजोबा, आणि शाळेतलं जे काही मोडलेलं असेल ते मुलं त्याच्याकडून शिकून दुरुस्त करणार. या मुलांना अपूर्णांक आधी नळाच्या पान्यावर भेटले, मग पुस्तकात. अर्धा मोठा की पाव मोठा, हे त्यांना विचारावं लागत नसे. चुकीचा पाना लावल्यावर पाणी थेट तोंडावर येई आणि उजळणी आपोआप होई. क्षेत्रफळ ती गिलावा करून शिकली. वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी, जी सहा महिने 'हजर' यापलीकडे बोलली नव्हती, तिने गळक्या नळासमोर उभं राहून प्लंबरमामांना स्पष्ट सांगितलं, "मामा, वायसर उलटा लागलाय." मामांनी बघितलं. लागला होता.

मुख्याध्यापकांना हे फारसं पटलेलं नव्हतं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूसमोर उभे राहून ते म्हणत, "मुलांचं काम आहे. महिन्याभरात हातात येईल."

हे वाक्य ऐकलं की पाचवी गुपचूप परत जायची आणि जिथे दोन स्क्रू असतील तिथे चार करायची.

आता वरून पत्र आलं होतं. वर्षअखेरीची वस्तू प्रत्यक्ष वापरात असलेली तपासणीच्या दिवशी दाखवावी, अन्यथा पुढील वर्षापासून पाचवीला पूर्णवेळ पुस्तकी अभ्यास लागू होईल. मुलांना स्वतःची चिंता नव्हती, त्यांचं वर्ष झालंच होतं. पण प्रत्येकाचं कोणी ना कोणी चौथीत होतं. शंकासुराची धाकटी बहीण तर चार महिन्यांपासून उशाशी पक्कड घेऊन झोपत होती.

"चौकट काढू," बाई म्हणाल्या. "अजून अडीच तास आहेत. शंकासुरा, पळ, आजोबांना बोलाव."

शंकासुराचे आजोबा सुतार. चौकट बसवायला त्यांनीच शिकवलं होतं. ते आले, त्यांनी चौकटीला कान लावला, बोटाने टकटक केलं, आणि लग्नघरी जेवून उठावं तसे तृप्त दिसू लागले.

"चौकट धरायला मी किती लोखंडी पकडी मारायला सांगितल्या होत्या भिंतीत?"

"चार," मुलं म्हणाली.

"आणि तुम्ही किती मारल्या?"

"बारा."

"का रे बाळांनो?"

"मुख्याध्यापक सर म्हणाले, महिन्याभरात हातात येईल."

आजोबांनी पंच्याने डोळे टिपले. "बाई, ही चौकट निघायची नाही. आधी भिंत येईल."

"मग भिंतीचा तेवढा भाग—"

"भिंत आम्हीच लिंपलीय, बाई," एक मुलगा हळूच म्हणाला. "गवंडीकाका म्हणालेले, एक थर पुरे."

"मग?"

"तीन दिलेत."

"चौकट कापली तर?"

"माझ्या डोळ्यांदेखत नाही," आजोबा म्हणाले, आणि बाहेर जाण्याऐवजी चौकटीलाच टेकून उभे राहिले.

खिडकीतून काढावं तर खिडकीला जाळी. जाळी पाचवीनेच बसवलेली, तिच्याविषयी कोणी विचारलंसुद्धा नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "खुराडंच सुटं करू. बाहेर नेऊन पुन्हा जोडू. खिळे किती आहेत?"

वर्ग खाली मान घालून उभा राहिला.

"एकही नाही," मोजपट्टी म्हणाली. "खाचेत खाच बसवलीय. वर सरस. आजोबा म्हणाले होते, खिळा म्हणजे घाईची कबुली."

"म्हणालो होतो," आजोबांनी चौकटीपाशी उभं राहून कबूल केलं. त्यांना आता हा दिवस फारच आवडायला लागला होता.

थोडक्यात, परिस्थिती अशी होती की त्या खोलीत मोडण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. आणि वाजले होते नऊ.

नऊ वाजता अंडीवाल्या आजी आल्या. सात कोंबड्या त्या शाळेला देणार होत्या, कबूल केल्याप्रमाणे, पाटीत घालून. "घ्या बाई. मला थांबायला वेळ नाही. कुठंय यांचं घर?"

"आजी, घर आत अडकलंय."

"मग कोंबड्या कुठं ठेवू, डोक्यावर?"

मुख्याध्यापकांची खोली तेवढी रिकामी होती. कोंबड्या 'पाच मिनिटं फक्त' म्हणून तिथे सोडल्या. वीस मिनिटांनी मुख्याध्यापक वर्गाच्या दारात आले. मुलांनी दारात पुन्हा खुराडं लावून पाहिलं होतं, त्यामुळे ते खुराड्याच्या कप्प्यातून बोलले.

"बाई, माझ्या टेबलावर अंडं आहे."

"कुठल्या ट्रेमध्ये, सर?"

"तातडीच्या."

"हात लावू नका, सर. ती परत येऊन बसेल."

"ती उठलेलीच नाहीये, बाई! तिच्याखाली माझा चष्मा आहे!"

इतक्यात शिपाईमामा धावत आले. "सर, तपासनीस मॅडम आल्या! दीड तास आधीच!"

तपासनीस मॅडम म्हणजे साध्यासुध्या बाई नव्हत्या. त्यांच्या हातात फॉर्म असे आणि फॉर्मवर मुख्यतः फुल्या. त्यांना एक सवय होती: दिसेल ती वस्तू ओढून बघायची. वीस वर्षांत त्यांच्या हातात इतक्या शाळांच्या कड्या, नळ आणि बाकांचे पाय आले होते की त्यांची पर्स किराणा भरल्यासारखी वाजायची.

शंकासुर बाईंच्या कानाशी लागला. "बाई, आपण सांगू ना, खुराडं आतच ठेवायचं होतं म्हणून. त्यांना काय कळतंय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "वर्षभर चूक झाली की आपण काय केलं?"

"सांगितली."

"मग आजही सांगायची."

"पण चौथी—"

"चौथीला आपण खोटं सांगून वर्ष मिळवून दिलं, तर ते वर्ष कशाचं असेल?"

खुराडं आत ओढून दार मोकळं केलं. मॅडम आत आल्या, खुराड्याकडे बघितलं, पत्राकडे बघितलं.

"हे इथे का आहे?"

मोजपट्टी पुढे झाली. टेप घट्ट धरलेली. "चूक माझी आहे, मॅडम. दार मी मोजलं, मग दार बदललं, आणि मी पुन्हा मोजलं नाही."

"दार कोणी बदललं?"

"आम्हीच."

"मग तुला माहीत नव्हतं?"

"होतं, मॅडम. चौकट बसवताना टेप मीच धरली होती."

मॅडम हसल्या नाहीत. त्या सहसा हसत नसत. "मग चौकट काढायची."

"निघत नाही."

"निघत नाही म्हणजे? शाळेतलं सगळं निघतं." त्यांनी पर्स बाजूला ठेवली आणि चौकटीला एका हाताने हिसका दिला. मग दोन्ही हातांनी. मग चप्पल काढून एक पाय भिंतीला लावून. आजोबा बाजूला उभे राहून आपुलकीने बघत होते.

त्यानंतर मॅडम खिडकीच्या जाळीकडे गेल्या. मग नळाकडे, कपाटाच्या मुठीकडे, फळ्याच्या कडेकडे. मुख्याध्यापक मागून दोन्ही हात पुढे करून धावत होते, काही निखळलंच तर वरच्यावर झेलायला. चष्मा नसल्यामुळे एकदा त्यांनी मॅडमचाच हात झेलला. निखळलं मात्र काहीच नाही. मॅडमना दम लागला. एका बाकाच्या कडेला त्या अर्ध्याच टेकल्या, पाय जमिनीवर रोवून, सवयीप्रमाणे. बाक हललं नाही. मग त्या जराशा मागे सरकल्या. मग पूर्ण बसल्या.



"वीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "शाळेच्या बाकावर मी आज पहिल्यांदा पूर्ण वजन टाकून बसले."

ही संधी साधून मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तेवढ्या माझ्या खोलीतल्या कोंबड्या कुठेतरी हलवायच्या का?"

मुलांनी कोंबड्या आणल्या. वर्गात सोडल्याबरोबर पहिली कोंबडी शिडी चढून गेली, जणू वर्षभर भाडं भरत होती. तिच्यामागे बाकीच्या. सातव्या कोंबडीने आठवा कप्पा आहे का बघितलं, नाही म्हटल्यावर आपल्या कप्प्यात जाऊन बसली. पाच मिनिटांत आतून समाधानाची कुरकुर सुरू झाली.

मॅडमनी पत्र पुन्हा वाचलं. "'प्रत्यक्ष वापरात.' कुठे वापरात, ते लिहिलेलं नाही." आणि त्यांनी फॉर्मवर बरोबरची खूण केली. पेन तिकडे वळायला जरा कुरकुरलं, सवय नव्हती.

"पण मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले, "ही वर्गखोली आहे!"

"होती. आता कोंबड्यांची खोली. इतकं मजबूत खुराडं सरकारनेसुद्धा बांधलं नसतं."

"मग पाचवी कुठे बसणार?"

"नव्या खोलीत."

"नवी खोली बांधायला मंजुरी मागितली तर सहा वर्षं लागतील!"

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. जाळीला बाहेरून चौथीचा अख्खा वर्ग नाक लावून उभा होता. "पुढच्या वर्षी या मुलांना काहीतरी हाताने करायला लागेलच ना?" असं म्हणून त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: हाताचे वर्ष चालू ठेवावे. पुढील वर्षाचे काम: एक वर्गखोली. मग मोजपट्टीला जवळ बोलावून खाली स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहायला लावली: दार सगळ्यात शेवटी मोजावे.

चौथीने बाहेर असा काही गलका केला की एक कोंबडी दचकून दुसऱ्या कप्प्यात गेली.

मॅडम गेल्या, आजोबा चौकटीवर एकदा हात फिरवून गेले, मुलं घरी गेली. बाई फळा पुसत होत्या. मुख्याध्यापक दारात आले, इकडेतिकडे बघितलं, आणि खाजगी आवाजात म्हणाले, "बाई, एक विचारायचं होतं. आमच्या घरी न्हाणीघराचं दार गेली आठ वर्षं नीट लागत नाही. आत गेलं की गाणं म्हणत बसावं लागतं. पाचवी एखाद्या शनिवारी मोकळी असेल का?"

"पाचवी आता सहावीत गेली, सर. नव्या पाचवीला विचारा."

"अहो, त्यांना अजून काहीच येत नाही!"

"म्हणूनच तर," बाई म्हणाल्या.